गडगडाटाचं बटण

धर्माच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन जाणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी चपला कुठे काढायच्या हे कळावं लागतं. मठात पायरीच्या खाली, मदरशात दाराशी, आणि सेमिनरीत, म्हणजे जिथे पाद्री तयार होतात तिथे, काढायच्याच नाहीत. मी काढल्या होत्या. फादर म्हणाले, "अण्णा, फरशी गार आहे, घाला, घाला." मी घातल्या नाहीत. एकदा काढल्या त्या काढल्या. पुढे आठवडाभर नाक वाहत होतं, पण फादरांनी आमचं सॉफ्टवेअर घेतलं.

इंजिनिअर पोरांना ही अक्कल कुणी शिकवत नाही. म्हणून मला नोकरी मिळाली, आणि म्हणूनच आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई मागे लागल्या की अण्णा, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, अक्का, माझी तिसरी झालीये. चौथीत मास्तरांनी छडी उगारली, मी ती वरच्यावर धरली, आणि तिथे माझं शिक्षण पूर्ण झालं. त्याचं मला वाईट वाटत नाही. मास्तरांना वाटलं असेल. बाई म्हणाल्या, "तरी लिहा." तर लिहितोय. माझी भाषा सुधारायला कुणी जाऊ नये. आमचे पणजोबा पलटणीबरोबर बेंगळूरला आले आणि परत जायचं विसरले. इतक्या पिढ्यांनंतर मराठीला स्वल्प कन्नडचा वास येणारच.

आधी मी बोम्मसंद्र्याला कारखान्यात लेथवर होतो. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मी गेलो नाही. मग इलेक्ट्रॉनिक सिटीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीची व्हॅन चालवायला लागलो. खाली दर्शिनी, म्हणजे उभ्यानं खायचं इडली-डोशाचं हॉटेल, वर आमचं ऑफिस. सांबाराची फोडणी बसली की सगळे इंजिनिअर एकदम शिंकायचे. एकदा निखिल नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरला घेऊन मी एका मठात गेलो. मी व्हॅनमध्ये बसून होतो. थोड्या वेळात निखिल तोंड पाडून बाहेर. आत त्यानं स्वामीजींकडे पाय करून बैठक मारली होती, आणि कागद डाव्या हातानं पुढे केला होता. मी आत गेलो, माफी मागितली, जेवायला बसा म्हणाले तर बसलो, दोनदा सारूभात, म्हणजे आपला आमटीभात, मागून घेतला, आणि बाहेर आलो तो काम घेऊनच. सुमना मॅडम, आमच्या मालकीणबाई, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अण्णा, व्हॅन दुसरा कुणी चालवेल. तुम्ही कंपनी चालवा." हे त्या थट्टेनं म्हणाल्या. मी खरं धरलं.

आता हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगतो. समजा एक कॉलेज आहे, पण त्याला भिंती नाहीत. विद्यार्थी आपापल्या गावी मोबाईल उघडून बसतात, गुरू आपल्या जागी बसतो, पडद्यावर सगळ्यांचे चौकोन दिसतात. मशीन हजेरी घेतं, कोण कुठवर शिकला ते लक्षात ठेवतं, परीक्षा घेतं आणि शेवटी प्रमाणपत्र छापतं. साध्या कॉलेजांना हे कुणीही विकतो. आम्ही फक्त धर्माच्या कॉलेजांना विकायचो, कारण त्यांना कुणी विचारत नव्हतं. का विचारत नव्हतं ते विकायला गेल्यावर कळलं.

सेमिनरीचंच घ्या. तिथे वर्षातून एकदा मौनाचा आठवडा असतो. ज्याच्या त्याच्या खोलीत, पडद्यासमोर, डोळे मिटून बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. आणि आमच्या मशीनची सवय अशी, की माणूस हलला नाही तर विचारायचं, तुम्ही आहात का? उत्तर नाही आलं की गैरहजर. आठवडा संपला तेव्हा अख्खं कॉलेज गैरहजर, प्रिन्सिपॉल फादरसकट. फादरांचा फोन आला. "अण्णा, मी पूर्ण आठवडा देवासमोर हजर होतो. तुमच्या मशीननं छापलंय की नव्हतो. आता वरती कुणाचं खरं धरतील?"

मदरशात वेगळंच. मौलानांनी सांगितलं, परीक्षा ईदनंतरच्या दुसऱ्या दिवशी. निखिल म्हणाला, तारीख सांगा. मौलाना म्हणाले, चाँद दिसला की सांगतो. निखिल म्हणाला, तारीख टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही.

"तर मागे जाऊ द्या," मौलाना म्हणाले आणि चहा ओतायला लागले.

शेवटी मी निखिलकडून चंद्राचं बटण करून घेतलं. मौलानांना चंद्र दिसला की त्यांनी ते दाबायचं, बाकीच्या तारखा मशीन लावून घेणार. निखिल कुरकुरला. "अण्णा, असं प्रत्येक धर्माला एकेक बटण देत बसलो तर हा प्रॉडक्ट राहणार नाही, हार्मोनियम होईल." मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं, मग सुरात कर.

आता मुख्य गोष्ट. यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या मागे एक वेदपाठशाळा होती. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. कांद्याचे ट्रक, हमालांचा आरडाओरडा, आणि मध्ये ही पाठशाळा. तिथले गुरुजी मूळचे धारवाडकडचे, घरी मराठी बोलणारे. वय माझ्याहून जास्त, ताठा माझ्याइतकाच. कानात ऐकायचं यंत्र. अंगानं काडी, पण आवाज असा की नारळाच्या झाडावरचा कावळा उडावा. त्यांचे विद्यार्थी पोरंसोरं नव्हती, नोकरी-धंद्यातले बाप्ये होते. कुणी नाशिकला, कुणी मंगळूरला, एक तर पार गुवाहाटीला. गुरुजींच्या शाखेत म्हणताना स्वर हातानं दाखवायचा असतो. आवाज वर चढला की हात वर, उतरला की खाली, काही ठिकाणी आडवा. गुरुजी म्हणायचे, "तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही."

पहिल्याच दिवशी भांडण. पडद्यावर विद्यार्थ्यांचे चौकोन वर आणि गुरुजींचा खाली.

"हा नाशिकवाला माझ्या डोक्यावर बसलाय," गुरुजी म्हणाले. "उतरव त्याला."

निखिल समजावायला लागला. "गुरुजी, ते ऑटोमॅटिक आहे. जो बोलतो तो वर जातो."

"जो बोलतो तो वर जातो? ही पाठशाळा आहे की विधानसभा?"

ते केलं. गुरुजी वर, बाकी सगळे खाली, कुणी कितीही बोलो. मग उन्हाळा आला आणि गुरुजींनी अनध्याय काढला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अनध्याय म्हणजे अभ्यास बंद. वेद कधी म्हणायचे नाहीत याचे नियम आहेत. त्यातला एक असा, की पावसाळ्यात ढग गडगडले तर तो त्यांचा धंदा, चालतं. पण अवेळी, उन्हाळ्यात गडगडले, तर पाठ तिथेच थांबवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी विचारलं, "वीज दिसली तर?"

"दिसू दे. डोळ्यांचा संबंध नाही. गर्जना कानावर पडली पाहिजे."

"आणि इथे कोरडं आणि गुवाहाटीला गडगडलं तर?"

वेद लिहिले गेले, म्हणजे म्हटले गेले, तेव्हा गुरू आणि शिष्य एकाच झाडाखाली होते. हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. गुरुजींनी काशीला फोन केला, शृंगेरीकडे कुणाला तरी केला. काही दिवसांनी मला बोलावून निकाल दिला. "पाठ एक आहे. म्हणून आकाशही एक. कुठेही गडगडलं आणि वर्गात ऐकू आलं, की सगळ्यांना अनध्याय."

मी ऑफिसात जाऊन सांगितलं, गडगडाटाचं बटण पाहिजे. दाबलं की वर्ग बंद, पडदा भगवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत कुणालाही उघडता येता कामा नये.

निखिल म्हणाला, "सिरियसली? ओके. बटण फक्त गुरुजींकडे ठेवू."

"नाही. सगळ्यांकडे. आकाश एक आहे."

"अण्णा, मिसयूज होईल."

"वेद शिकणारी माणसं आहेत ती."

"माणसं आहेत ना? मग होईल."

मी ऐकलं नाही. ऐकायची मला सवय नाही. सगळ्यांना बटण दिलं, आणि मंगळूरला रोज गडगडायला लागलं. त्या गृहस्थाची पाळी जवळ आली की ढग आलेच. मागे खिडकीत ऊन लख्ख, दोरीवर धोतरं वाळतायत, कावळा पंख पसरून बसलाय, आणि पडदा भगवा. गुरुजी मला म्हणाले, "मंगळूरला उन्हातही गडगडतं. तू कधी गेलायस तिकडे?"

इथे शहाण्या माणसानं बटण काढून घेतलं असतं. मी एक पाऊल पुढे गेलो. मी निखिलला सांगितलं, माणसावर विश्वास नको, मशीननं स्वतः ऐकावं. कुणाच्याही माईकमधून गडगडाट आला की वर्ग आपोआप बंद. निखिल म्हणाला, "अण्णा, आय लव्ह यू," आणि करायला बसला. मला वाटतं रागानं बसला. पण केलं चांगलं. फारच चांगलं.

मशीनला गडगडाट ऐकू यायला लागला आणि दुसरं काही ऐकू येईना. बाजारात कांद्याची पोती ट्रकमधून फेकली, अनध्याय. नाशिकला बायकोनं मिक्सर लावला, अनध्याय. सगळ्यात वाईट पाण्याचा टँकर. आमच्या गल्लीत पाणी टँकरनं यायचं, आणि रिकामा टँकर परत जाताना पाठशाळेसमोरच्या गतिरोधकावर असा धडाडायचा, की प्रत्यक्ष इंद्रानं दचकावं. रोज अनध्याय. मी टँकरवाल्याला थांबवून सांगितलं, अरे, हळू जा, तुझ्यामुळे वेद बंद पडतात. तो म्हणाला, "अण्णा, पाणी बंद पाडू का?" तो विषय तिथेच संपला.

बरं, एकदा बंद पडलं की उघडायची सोय नव्हती. ती मीच ठेवू दिली नव्हती. नियम म्हणजे नियम.

पाठशाळा ज्या ट्रस्टची, त्याचे कार्यदर्शी, म्हणजे सेक्रेटरी, श्रीकंठय्या म्हणून होते. सरकारी खात्यातून निवृत्त, सफारीच्या खिशाला दोन पेनं, हसणं माहीत नाही. त्यांनी सुमना मॅडमना ऑफिसात येऊन सांगितलं, "वार्षिक सभा वैशाखात आहे. त्याआधी या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा तुमच्या मशीनवर एका बैठकीत पार पडली पाहिजे. नाही पडली तर मशीन वापस. आणि मी बाकीच्या मठांनाही सांगणार. काय समजलं?"

ते गेल्यावर मॅडम डोकं धरून बसल्या. चार मठ आमच्याकडे होते ते यांच्याच शब्दावर. निखिल म्हणाला, "मॅडम, ते ऐकणारं फीचर काढून टाकतो. एका ओळीचं काम आहे."

"काढायचं नाही," मी म्हटलं. "गुरुजींना शब्द दिलाय. त्यांना वाटतंय मशीन नियम पाळतं. गुपचूप काढलं तर ती फसवणूक झाली."

"मग परीक्षा होणार नाही अण्णा, लिहून ठेवा."

"झाली नाही तर मी उद्यापासून येणार नाही."

हे तोंडातून गेलं. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, असं बोलू नका." पण बोललो होतो. चपलांसारखंच ते, एकदा काढलं ते काढलं.

खरं सांगतो, त्या रात्री मला घरी बसायची धास्ती वाटली. मुलगा कधीपासून म्हणत होता, बाबा, आता बसा घरी. घरी बसलेला म्हातारा काय करतो ते मी गल्लीत बघतो. त्याला सकाळी दूध आणायला पाठवतात, संध्याकाळी कोथिंबीर, आणि मधल्या वेळात तो जिथे बसेल तिथे कुणाला तरी झाडायचं असतं. मला जिवंतपणी कोथिंबीर व्हायचं नव्हतं.

परीक्षेचा पहिला दिवस. सगळे सकाळी बसले. गुवाहाटीला खरोखरचा गडगडाट. आम्ही सगळ्यांनी ऐकला. पडदा भगवा. गुरुजी म्हणाले, "खरा आहे. उठा." नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बसायचं होतं, पण कुणी ऑफिसात, कुणी प्रवासात, म्हणून सगळे मिळेपर्यंत दुपार उलटली. त्या दिवशी मी टँकरवाल्याच्या हातापाया पडून त्याला बाजाराच्या पलीकडून पाठवलं, नाशिकच्या वहिनींना फोन करून मिक्सर बंद ठेवायला सांगितलं. सगळं शांत. गुरुजी सरसावून बसले, डोळे मिटले, आणि पोटाच्या तळापासून ओंकार काढला.

पडदा भगवा.

कुणालाच काही कळेना. निखिल ऑफिसातून फोनवर होता. त्यानं तिथे काहीतरी तपासलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, गडगडाट गुरुजींचा होता. टँकरवर घातलेले आधीचे बरेच अनध्यायही त्यांचेच असणार."

मी गुरुजींना तसं सांगितलं. वाटलं चिडतील. ते इतके खूश झाले की दोनदा विचारलं, "मशीनला खरंच मेघ वाटला?" घरात जाऊन बायकोला सांगून आले.

पण आता खरी पंचाईत होती. ओंकार निघाला होता दुपारी, कॉफीच्या वेळेला. म्हणजे मशीन दुसऱ्या दिवशी कॉफीच्याच वेळेला उघडणार. आणि दुसरा दिवस शेवटचा, कारण परवा सभा. बेंगळूरच्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे वैशाखात सकाळी आभाळ धुतल्यासारखं असतं, दुपारी तापतं, आणि वळवाचे ढग बरोबर कॉफीलाच येतात.

त्या दिवशी निखिल स्वतः आला, इलेक्ट्रॉनिक सिटीहून पुलावरून बस बदलत बदलत. श्रीकंठय्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. हातात पितळी पेल्यात कॉफी. बाहेर आभाळ इडलीच्या भांड्याच्या बुडासारखं काळं. वारा सुटलेला, बाजारात ताडपत्र्या फडफडतायत. मी गुरुजींच्या बाजूला लॅपटॉपशी बसलो. मला एकच काम नेमून दिलं होतं: मशीन उघडलं की हजेरीचं बटण दाबायचं.

मशीन उघडलं. गुरुजींनी ओंकार आज कुजबुजून घेतला. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला हळू ओंकार असेल. नाशिकवाल्यानं सुरुवात केली. हात वर, खाली, आडवा. छान चाललं होतं.

आणि खिडकीत वीज चमकली.

गुरुजींनी बघितली. मी बघितली. निखिलनं माझ्याकडे बघितलं. वीज दिसण्याला हरकत नव्हती. पण वीज दिसली की मागून काय येतं हे लहान पोरालाही ठाऊक. तेवढ्या वेळात त्या काडीसारख्या म्हाताऱ्यानं काय करावं? एका हातानं कानातलं यंत्र उपसून कमरेच्या उपरण्यात खोचलं आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली, सगळ्यांचे आवाज बंद कर.

सगळ्यांचे माईक, गुरुजींचासुद्धा, एकदम बंद करायचं बटण असतं. ते शिक्षकासाठी असतं, वर्ग गोंगाट करायला लागला की. मी ते मठात, मदरशात, सेमिनरीत शंभर जणांना शिकवलंय. आणि त्या क्षणी मला ते सापडेना. लेथवर सगळी बोटं शाबूत ठेवलेला माणूस मी, पण त्या लॅपटॉपच्या गुळगुळीत पट्टीवर बोट नुसतं घसरतंय. निखिल माझ्या पाठीवरून आडवा पडला, आम्हा दोघांचा हात एकदमच बटणावर पडला.

आणि गडगडलं. साधंसुधं नाही. खिडकीच्या काचा थरारल्या, बाजारात कुणीतरी "अय्यो देवरे" म्हणून ओरडलं, श्रीकंठय्यांची कॉफी त्यांच्या सफारीवर.

मी डोळे उघडले. पडदा पांढरा होता.

मशीनचे कान बंद, त्यानं ऐकलं नाही. नाशिक, मंगळूर, गुवाहाटी, कुणीच ऐकलं नाही. गुरुजींनी ऐकलं नाही. आम्ही तिघांनी ऐकलं, पण आम्ही वेद शिकत नव्हतो.

गुरुजींनी नाशिकवाल्याला हातानं खूण केली: चालू ठेव. आणि तशी परीक्षा झाली. तोंडी परीक्षा, आवाजाशिवाय. पडद्यावर बाप्ये तोंडं उघडतायत, मिटतायत, हात वर, हात खाली, हात आडवा. सोवळं नेसलेल्या ट्रॅफिक पोलिसांची पलटण असावी तसं. खोलीत चकार शब्द नाही. वरती मात्र आभाळ फाटतंय, एकामागून एक, आणि खाली एक बहिरा म्हातारा मान डोलवत, डोळे बारीक करून, प्रत्येकाचा हात वाचतोय.

श्रीकंठय्या रुमालानं सफारी पुसत माझ्या कानाशी आले. "ऑडिओ इल्ल?" म्हणजे आवाज नाही का.

"सर, ही हस्तपरीक्षा," मी म्हटलं. "फार जुनी पद्धत. हल्ली कुणाला येत नाही."

"ओहो," म्हणाले आणि खुर्चीत सावरून बसले.

निखिल भिंतीला तोंड लावून उभा होता. खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, मी विचारलं नाही.

मंगळूरच्या गृहस्थाची पाळी आली. त्यानं तोंड झोकात हलवलं. त्याला वाटलं असेल, आवाज नाही, आपलं भाग्य उघडलं. गुरुजींनी बोट वर केलं. थांब. परत म्हण. त्यानं परत म्हटलं. परत बोट. जिथे हात खाली यायला हवा तिथे त्याचा वर जात होता. तिसऱ्यांदाही तेच. गुरुजींनी त्याला हात जोडले आणि पुढच्याला बोलावलं. म्हणजे नापास. आकाशानं त्याला महिनाभर वाचवलं होतं. खरं गडगडलं तेव्हा मात्र ते कामाला आलं नाही.

परीक्षा एका बैठकीत पार पडली. सभेत श्रीकंठय्यांनी सांगितलं म्हणे, की या कंपनीनं लुप्त झालेली परीक्षापद्धत परत आणली. चारही मठ राहिले. पुढे मौनाच्या आठवड्यासाठी सेमिनरीच्या फादरांनीही ही बिनआवाजाची परीक्षा मागून घेतली, आणि सुमना मॅडमनी ती माहितीपत्रकावर छापून विकायला सुरुवात केली. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. निखिलनं माझ्या टेबलावर कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. घरी बसायची माझी धास्ती मी त्याला कधीतरी बसमध्ये बोलून गेलो होतो, ते त्यानं लक्षात ठेवलं. पुण्याची माणसं अशीच.

आता मी खरोखरच घरी असतो. दूध मी आणतो, कारण मला आणायचं असतं. निखिल परदेशात गेला. गुरुजी मागच्या वर्षी गेले. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीये. त्या मशीनला कान बसवल्यानंतर त्यात प्रत्येक पाठ साठवून ठेवायची सोयही आली होती. गुरुजी गेल्यावर विद्यार्थ्यांनी विचारलं, अण्णा, त्यांचा आवाज मिळेल का? शोधायला गेलो. कुजबुज आहे, खोकला आहे, रागावणं आहे. पण पोटाच्या तळापासून निघालेला तो आवाज कुठेच नाही. तो निघाला की मशीन बंद पडायचं. नियम म्हणजे नियम, आणि नियम मी घातलेला.

त्या दिवशीचं शेवटचं तेवढं सांगतो. परीक्षा संपली, पडदा मिटला, श्रीकंठय्या खाली गेले. बाहेर धोधो पाऊस. खिडकीतून पाणी आत आलेलं, गुरुजींच्या आसनाची कड भिजलेली. त्यांनी उपरण्यातून यंत्र काढलं, फुंकर मारली, कानात बसवलं, आणि पावसाकडे बघत मला विचारलं, "मघाशी खिडकी हलल्यासारखी वाटली. काही वाजलं का रे?"

"टँकर होता, गुरुजी."

"एवढ्या पावसात टँकर?"

"बेंगळूर आहे, गुरुजी."

त्यांनी आसनाची भिजलेली कड पिळली.

"सरी," म्हणाले. "स्वल्प मोठाच होता."